३५० डिग्री, पण कुठले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत ॲपल क्रिस्पची (सफरचंदाच्या फोडींवर मैदा-ओट्स-बटरचा चुरा भुरभुरून ओव्हनमध्ये भाजायचा गोड पदार्थ) रेसिपी आली होती, त्याबद्दल लिहितेय. खरं तर मी पत्रबित्र लिहिणाऱ्यातली नाही, पण त्या रेसिपीपायी सांगलीत माझ्या धाकट्या बहिणीचा एक किलो सफरचंद आणि एक अख्खी संध्याकाळ वाया गेली आणि शिव्या मला बसल्या, कारण मी गेली बावीस वर्षं न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ राहते आणि तिच्या लेखी अमेरिकेतल्या प्रत्येक पदार्थाची जबाबदारी माझी. फोन उचलल्या उचलल्या, "ताई, तुमच्या त्या क्रिस्पनं माझा ओटीजी काळा केला बघ." (ओटीजी म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन.)

झालं असं की रेसिपीत छापलंय ‘ओव्हन ३५० डिग्रीवर तापवा’. नुसतं ३५०, पुढं काही नाही. अहो, ते फॅरनहाइट! इकडच्या ओव्हनवर बहुतेक फॅरनहाइटच असतं, म्हणजे आपल्याकडचे साधारण १७५ ते १८० सेल्सिअस. बहिणीच्या ओटीजीचा काटा २५० च्या पुढं जातच नाही, तर तिनं बिचारीनं तो शेवटपर्यंत फिरवला, वरचा रॉड चालू ठेवला आणि ‘४५ मिनिटे’ असं वाचून अंगणात कपडे काढायला गेली. विसाव्या मिनिटाला शेजारीण विचारत आली की काय जळतंय.

आता यावर कोणी म्हणेल की एवढं तर कळायला पाहिजे. का कळावं? ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा क्रिस्प हा शब्द वाचलाय तिला कसं कळणार?

दुसरी गंमत बटरची. ‘बटरची १ कांडी’ असं छापलंय. इथं बटर कागदात गुंडाळलेल्या लांबट तुकड्यांत मिळतं, त्याला स्टिक म्हणतात, एका पाउंडात चार, म्हणजे एक स्टिक ११३ ग्रॅमची. तुमच्याकडं ज्यांनी भाषांतर केलं त्यांनी स्टिकची कांडी करून टाकली आणि मोकळे झाले. बहिणीनं फ्रिजमधलं बटर काढलं आणि त्यातून करंगळीएवढी कांडी कापून घेतली, मला व्हिडिओ कॉलवर बोट दाखवून सांगितलं तिनं, एवढी. तीस ग्रॅमही नसेल. मग काय, मैदा, ओट्स, साखर सगळं वरून काळं आणि आत कोरडं पीठ तसंच, आणि खाली सफरचंद करकरीत कच्चं. आमचे मेव्हणे एक चमचा खाऊन म्हणाले, "सुंठवडा चांगला झालाय, पण जन्माष्टमी होऊन गेली ना?"

(ओट्सबद्दल मी मुद्दाम विचारलं, मसाला ओट्स तर घातले नाहीस ना? नाही म्हणाली. पण ‘१ कप ओट्स’ एवढंच छापलं तर कोणी ना कोणी घातलेच असणार, सांगून ठेवते. साधे, जाड, बिनमसाल्याचे रोल्ड ओट्स लागतात, झटपटवाले पिठूळ होतात.)

पण हे सगळं एक वेळ सोडून देईन. मला खरा राग आलाय तो ‘कोणतेही सफरचंद चालेल’ या वाक्याचा. नाही चालत! या पदार्थात सफरचंदच तर सगळं आहे. मी जिथं राहते तो भाग ओंटारिओ तळ्याच्या काठचा, तळ्याच्या गारव्यानं वसंतात झाडं उशिरा फुलतात आणि मोहोर दंवातून वाचतो, म्हणून मैलोन् मैल सफरचंदाच्या बागा आहेत. सप्टेंबर लागला की लोक पोराबाळांना घेऊन बागेत जातात, पिशवी घ्यायची आणि आपणच तोडायची. आणि बागवाला आधी विचारतो, खायला पाहिजेत की बेक करायला? दोन्हीची झाडं वेगळी. मॅकिंटॉश आधी येतं, ते खायला झकास पण ओव्हनमध्ये त्याचा लगदा होतो. कोर्टलँड आणि एम्पायर ही इथून तासाभरावर जिनिव्हा म्हणून गाव आहे तिथल्या संशोधन केंद्रात तयार झालेली. आणि अगदी शेवटी, ऑक्टोबर अर्धा सरल्यावर नॉर्दर्न स्पाय, ते तर इथूनच जवळ ईस्ट ब्लूमफिल्डला १८०० च्या सुमाराला उगवलेलं, घट्ट, आंबट, आणि तासभर ओव्हनमध्ये राहिलं तरी फोड ही फोडच राहते. आंबट सफरचंदाचं तेच तर आहे, आंबटपणामुळं फोड लवकर विरघळत नाही.

आपल्याकडं गाड्यावर जे लालभडक शिमला सफरचंद मिळतं ते बहुतेक रेड डेलिशसच्या घराण्यातलं. गंमत म्हणजे तेही मूळचं इथलंच, आयोवातलं, शंभरेक वर्षांपूर्वी सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं शिमल्याकडं कोटगढला त्याची रोपं नेऊन लावली, पुढं ते सत्यानंद स्टोक्स झाले आणि तिथलेच होऊन राहिले. कच्चं खायला ते उत्तम. पण आंबटपणा जवळजवळ नाही, त्यामुळं भाजलं की नुसतं गोड आणि रवाळ लागतं. तेव्हा रेसिपी सांगली-सोलापूरच्या वाचकांसाठी छापताय तर लिहा ना, की मॉलमध्ये ते हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळतं ते निम्मं घ्या, निम्मं आपलं लाल घ्या आणि वर एक अख्खं लिंबू पिळा. ग्रॅनी स्मिथ महाग आहे मान्य, पण दोन-तीनच लागतात.

आता तक्रार केलीच आहे तर मी कसं करते ते सांगते, तुम्हाला जागा असेल तर छापा. किलोभर सफरचंद, सालं काढून, बोटाच्या जाडीच्या फोडी, फार पातळ चिरायच्या नाहीत. त्यात लिंबू, तीन-चार चमचे साखर, चमचाभर दालचिनी पूड, चिमूट मीठ, आणि चमचाभर मैदा म्हणजे रस दाटतो. वरच्या थराला मैदा शंभर ग्रॅम, ओट्स सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम, ब्राउन शुगर दीडशे ग्रॅम (नसली तर गूळ पावडर, मला तर तीच जास्त आवडते), आणि आपलं शंभर ग्रॅमचं बटरचं पाकीट मिळतं ते अख्खं, फ्रिजमधलं गार. बटर खारट असेल तर वेगळं मीठ नको. हे सगळं बोटांनी चोळायचं, शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसंच. मुठीत दाबलं तर मुटका झाला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. हे एक वाक्य छापलं असतंत तर बहिणीला बटर कमी पडलंय हे कांडी न मोजता कळलं असतं! आपल्या बायकांना ग्रॅम नाही कळले तरी मुटका कळतो. मग फोडींवर हे भुरभुरायचं, दाबायचं नाही, आणि १८० सेल्सिअसवर ४५ ते ५० मिनिटं. घड्याळापेक्षा कडेला बघायचं, रस नुसता उकळत असेल तर अजून वेळ आहे, पाकासारखे जाड जड बुडबुडे सावकाश यायला लागले की झालं. ओटीजीत भांडं वरच्या रॉडच्या जवळ येतं, तेव्हा वरून लवकर लाल झालं तर फॉइल टाकायची. आणि भांड्याखाली एक ताटली ठेवायचीच, मी पहिल्यांदा केलं तेव्हा रस उतू जाऊन ओव्हनच्या बुडावर जळला आणि धुराचा अलार्म वाजून अख्ख्या बिल्डिंगमधली माणसं नाइटीवर पार्किंगमध्ये उभी होती. त्यातल्या एका आजींनीच मग मला ताटलीचं सांगितलं.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. इकडं वर व्हॅनिला आइस्क्रीम घालतात. आम्ही मंडळाच्या कोजागिरीला नेतो तेव्हा वर आटवलेलं गार मसाला दूध ओततो, आणि खोटं नाही सांगत, आइस्क्रीमवाल्या रांगेत कोणी राहत नाही.

अजून एक, राहवत नाही म्हणून. रेसिपीच्या वर ‘शरदाच्या गुलाबी थंडीत’ असं छापलंय. सांगलीत त्या दिवशी पंखा पाचवर होता. इथला फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, हा आपला शरद नव्हे, आपला शरद म्हणजे ऑक्टोबर हीट, त्यात तासभर ओव्हन लावायचा तर रात्री उशिरा लावा असं तरी लिहायचं.

गेल्या रविवारी मी बहिणीला व्हिडिओवर धरून पुन्हा करायला लावलं. तीन हिरवी, तीन लाल, गूळ पावडर, काटा १८० वर. मुटका दाखव म्हटलं, दाखवला, फुटला. मेव्हण्यांनी दोनदा घेतलं आणि या वेळी काही बोलले नाहीत. फक्त तिनं जे पान कापून फ्रिजवर चिकटवलंय त्यावर अजून ३५० च आहे, आणि ते पान तिच्या जावेनं, दोन शेजारणींनी मोबाइलवर फोटो काढून नेलंय. तेव्हा पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापाल का? जागा कमी असेल तर नुसतं ‘सेल्सिअस १८०, बटर ११३ ग्रॅम’ एवढं लिहिलंत तरी पुरे.

आपली,
सांगलीची माहेरवाशीण, मुक्काम रॉचेस्टर