सात वर्षे टाळलेला प्रश्न: स्पेनच्या जनमत केंद्राच्या अध्यक्षांना खुले पत्र

मार्च २०२२

मा. अध्यक्ष,
समाजशास्त्रीय संशोधन केंद्र (सीआयएस), माद्रिद यांस

सविनय नमस्कार.

२ मार्चला सर्वोच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांनी माजी राजे हुआन कार्लोस यांच्या पैशांच्या व्यवहारांवरच्या तिन्ही चौकशा बंद केल्या. कारणे त्यांनीच लिहून दिली आहेत. राजेपदावर असतानाच्या गोष्टींना राज्यघटनेच्या कलम ५६.३ चे अभय, काही गुन्हे मुदतबाह्य, आणि उरलेल्या बाबतीत थकलेला कर भरून झालेला. काही घडलेच नाही, असे त्या आदेशात म्हटलेले नाही. हात लावता येत नाही, एवढेच म्हटले आहे.

न्यायालयाचे दार असे बंद झाले की लोकांना काय वाटते ते निदान मोजून नोंदवून ठेवायचे असते. त्यासाठी या देशात एक सरकारी संस्था आहे, करदात्यांच्या पैशावर दर महिन्याला बारोमीटर, म्हणजे जनमत पाहणी, काढते, आणि तिचे अध्यक्ष आपण आहात. त्या संस्थेने राजेशाहीवरच्या विश्वासाचा प्रश्न शेवटचा विचारला एप्रिल २०१५ मध्ये. त्यानंतर सात वर्षे तो प्रश्नावलीत आलेलाच नाही.

आम्ही स्पेनमध्ये राहून कर भरणारे आणि जनमत पाहण्यांच्या कामात मुरलेले लोक आहोत. तुमचा नमुना अठरा वर्षांवरच्या स्पॅनिश नागरिकांचा असतो, परदेशी पारपत्रावर राहणाऱ्यांना त्यात जागा नाही. ते राहू द्या. ज्यांना जागा आहे, त्यांनाही विचारले जात नाही, ही आमची तक्रार आहे.

तुमच्याच केंद्राचे आकडे घेऊ. शून्य ते दहाच्या मापावर राजसंस्थेला नव्वदीच्या दशकाच्या मध्यात सातच्या वर गुण मिळत होते. ऑक्टोबर २०११ मध्ये ४.८९, म्हणजे पहिल्यांदाच नापास. एप्रिल २०१३ मध्ये ३.६८. पुढच्या वर्षी ३.७२. राजा बदलून मुलगा फेलिपे सहावे गादीवर आल्यावर, एप्रिल २०१५ मध्ये, ४.३४. तेही पाचच्या खालीच. आणि तिथे रकाना संपतो. पुढच्या वर्षी हुआन कार्लोस यांच्या कन्या, राजकन्या क्रिस्तिना, करबुडवेगिरीच्या खटल्यात आरोपीच्या बाकावर बसल्या, २०१८ मध्ये त्यांचे पती तुरुंगात गेले, २०२० मध्ये माजी राजे अबू धाबीला निघून गेले. त्यातल्या एकाही घटनेनंतरचा सरकारी आकडा अस्तित्वात नाही.

केंद्राकडून उत्तर येते की राजेशाही हा लोकांच्या काळजीचा विषयच नाही, 'देशापुढचे तीन मुख्य प्रश्न कोणते' असे विचारल्यावर ती कोणी सांगत नाही. अध्यक्ष महोदय, हे उत्तर सामान्य वाचकाला चालून जाईल, या धंद्यातल्या माणसाला नाही. तो प्रश्न खुला आहे. पर्याय वाचून दाखवले जात नाहीत, माणूस जे चटकन आठवते ते बोलतो, आणि बेरोजगारी, महागाई, आजार हेच आधी आठवते. त्यातून अग्रक्रम कळतो, विश्वास कळत नाही. पोटदुखी घेऊन आलेल्या रोग्याने डोळ्यांचे नाव काढले नाही म्हणून त्याची नजर शाबूत आहे, असे कोणी डॉक्टर लिहून देत नाही. न्यायालयांवर, संसदेवर, लष्करावर किती विश्वास आहे हे तुम्ही स्वतंत्रपणे, गुण मागून विचारत आलात. राजसंस्था त्याच यादीत होती. ती का गळली?

आणि जुना आकडाही अर्धवटच होता. एप्रिल २०१३ च्या ३.६८ मध्ये नेमके काय मोजले गेले? एक वर्ष आधी बोत्स्वानातल्या हत्तीच्या शिकारीवरून राजांनी माफी मागितली होती. त्याच एप्रिलच्या ३ तारखेला माजोर्का बेटावरच्या पाल्मा शहराचे न्यायाधीश होसे कास्त्रो यांनी राजकन्येला पहिल्यांदा आरोपी म्हणून बोलावले होते. वर बेरोजगारी शिगेला पोचलेली. हे सगळे एका गुणात कोंबले गेले. राग संस्थेवर आहे, माणसावर आहे, की सरकारी वकिलांवर, हे वेगळे काढायला एकही जोडप्रश्न नव्हता.

राजकन्येच्या खटल्यात तर विचारण्यासारखे केवढे होते! नोस ही संस्था कागदोपत्री विनानफा. बालेआरिक बेटे आणि व्हॅलेन्सिया या प्रांतांच्या सरकारांकडून तिच्याकडे सुमारे ६० लाख युरो सार्वजनिक पैसा गेला. तिथून आणि इतर ठिकाणांहून मिळालेली राजकन्येचे पती इन्याकी उर्दांगारिन यांची कमाई आयझून या कंपनीत वळवली जाई. कंपनी दोघांची, निम्मी-निम्मी. हेतू सरळ होता. माणसाच्या नावावर उत्पन्न दाखवले तर तेव्हा ४३ टक्क्यांपर्यंत आयकर, कंपनीच्या नावावर दाखवले तर २५ ते ३० टक्के, आणि त्यातूनही घरचा खर्च कंपनीचा म्हणून वजा. घराची डागडुजी, जेवणाची भांडी, नृत्याचे वर्ग, सगळे त्याच कंपनीच्या हिशेबात. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत बुडालेला आयकर अनुक्रमे १,८२,००५ आणि १,५५,१३८ युरो धरला गेला. एका वर्षात एका करापोटी १,२०,००० युरोच्या वर गेले की स्पेनमध्ये तो नुसता दंडाचा मामला राहत नाही, दंडसंहितेच्या कलम ३०५ खाली गुन्हा होतो. दोन्ही रकमा वर होत्या.

तरीही सरकारी वकील राजकन्येवर आरोप ठेवायला विरोध करत राहिले. आरोप उभा राहिला तो मानोस लिंपियास या खाजगी संघटनेच्या अर्जावर. ११ जानेवारी २०१६ ला खटल्याच्या पहिल्याच दिवशी करखात्याची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकील म्हणाल्या की 'करखाते म्हणजे आपण सगळेच' हे जाहिरातीतले घोषवाक्य आहे. ज्या वाक्याने वर्षानुवर्षे लोकांकडून विवरणपत्रे भरून घेतली, ते भर न्यायालयात नुसती जाहिरात ठरले! कारण 'सगळे' म्हणजे खरोखर सगळे मानले, तर करबुडवेगिरीविरुद्ध कोणाही नागरिकाला खटला चालवता आला असता. पाल्माच्या तीन न्यायाधीशांनी ते ऐकले नाही, हे त्यांचे ऋण आहे. १७ फेब्रुवारी २०१७ ला राजकन्या निर्दोष सुटल्या, पण गैरकमाईतून लाभ झाला म्हणून २,६५,०८८ युरोची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि वरच्या न्यायालयात ती १,३६,९५० वर उतरली. उर्दांगारिन यांची सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा पाच वर्षे दहा महिने झाली.

त्या दिवशी लोकांना काय वाटले? निकाल योग्य वाटला का? तोच हिशेब एखाद्या प्लंबरच्या कंपनीत सापडला असता तर निकाल तोच लागला असता, असे किती जणांना वाटते? २४ डिसेंबर २०११ च्या नाताळच्या भाषणात खुद्द राजांनी सांगितले होते की न्याय सर्वांसाठी समान आहे. ते वचन लोकांना खरे वाटते की नाही, हे मोजणे तुमचे काम होते.

तुम्ही मोजले नाही, म्हणून इतरांनी मोजले. ऑक्टोबर २०२० मध्ये १६ स्वतंत्र माध्यमांनी वाचकांकडून वर्गणी काढून ३,००० जणांची पाहणी करवली. प्रजासत्ताकाला ४०.९ टक्के, राजेशाहीला ३४.९. एवढ्या नमुन्याला त्रुटी सुमारे १.८ टक्क्यांची, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा नाही. पण जवळजवळ चौथा हिस्सा कोणत्याच बाजूला नव्हता. राजनिष्ठ दैनिकांच्या पाहण्यांत उलटे निघते. यात दरवेळी लबाडीच असते असे नाही. ऑनलाइन पॅनेलमध्ये सत्तरीपुढचे लोक कमी येतात, आणि तेच राजाचे पाठीराखे. 'तुम्हाला काय आवडेल' आणि 'सार्वमतात मत कोणाला द्याल' ही उत्तरे जुळत नाहीत. आधी भ्रष्टाचाराचे प्रश्न विचारले तर राजाचे गुण घसरतात, आधी देशाच्या एकतेचे विचारले तर चढतात. कातालोनिया आणि बास्क प्रांतांचा नमुन्यातला वाटा थोडा हलला तरी देशाचा आकडा हलतो. म्हणूनच तुमच्यासारखी एकच पद्धत धरून वर्षानुवर्षे चालणारी मालिका लागते. ती तोडल्यावर ज्याच्या खिशात पैसा, त्याचा आकडा.

विचारायचे कसे, हे तुम्हाला कोणी शिकवावे असे नाही, तरी लिहितो, म्हणजे 'अवघड आहे' ही सबब उरणार नाही. जुना शून्य ते दहाचा प्रश्न शब्दही न बदलता परत आणा, नाहीतर २०१५ शी तुलना होणार नाही. संस्थांची यादी प्रत्येक मुलाखतीत उलटसुलट क्रमाने वाचा. गुण संस्थेला वेगळे मागा, फेलिपे सहावे यांना वेगळे, माजी राजांना वेगळे. नमुन्याचे दोन समान भाग करून एकाला विचारा, 'राजघराण्यातल्या व्यक्तीला न्यायालये इतरांसारखीच वागवतात का', आणि दुसऱ्याला तोच प्रश्न 'श्रीमंत उद्योगपती' घालून. दोन्ही उत्तरांतला फरक म्हणजे मुकुटाची किंमत. फोनवर 'माहीत नाही' आणि 'सांगायचे नाही' हे वेगळे नोंदवा, कारण सरकारी संस्थेचा फोन आला की या विषयावर दुसरे उत्तर वाढते. मुलाखती दरवर्षी एप्रिलमध्येच ठेवा, नाताळच्या भाषणाच्या आठवड्यात नको. साडेतीन-चार हजार मुलाखती तुम्ही दर महिन्याला फोनवर घेताच. हे चार-पाच प्रश्न वाढले तर मुलाखत दोन मिनिटांनी लांबेल.

पण दोष एकट्या तुमच्या केंद्राचा नाही. हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे जातानाच्या संक्रमणकाळातले पंतप्रधान आदोल्फो सुआरेस यांनी १९९५ च्या मुलाखतीत माइक हाताने झाकून सांगितले होते की परदेशी सरकारे राजेशाहीवर सार्वमत मागत होती, पाहण्या केल्या, त्यात हार दिसत होती, म्हणून राजा राजकीय सुधारणा कायद्यातच बसवला. ते चित्रीकरण लोकांना २०१६ मध्ये दिसले. म्हणजे पाहणी झाली होती, दडवली गेली. राज्यघटनेवरच्या १९७८ च्या सार्वमताला अठरा वर्षे पूर्ण लागत, त्यामुळे आज एकसष्टीच्या आतल्या कोणालाही त्या संपूर्ण घटनेवरसुद्धा मत देता आलेले नाही. २०१४ मध्ये पदत्याग झाला आणि काही आठवड्यांत माजी राजांवर फक्त सर्वोच्च न्यायालयात खटला चालेल, असा कायदा झाला. घाई करायची म्हटली की या व्यवस्थेला करता येते. संसदेत चौकशी समितीची मागणी मात्र पुन्हा पुन्हा फेटाळली जाते, मोठे पक्ष एकत्र येऊन.

आणि करदात्याला? स्वयंरोजगारीचे विवरणपत्र उशिरा गेले की अधिभार आपोआप लागतो, हेतू कोणी विचारत नाही. माजी राजांनी डिसेंबर २०२० मध्ये ६,७८,३९३ युरो आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे ४४ लाख युरो भरले. तोवर सरकारी वकिलांनी त्यांना चौकशीची सूचना दिलेली होती, पण ती मोघम होती, म्हणून भरणा स्वेच्छेचा धरला गेला आणि गुन्हा संपला. एवढी मोघम सूचना पाल्मातल्या एखाद्या खानावळवाल्याला आजवर कधी मिळाली आहे का? या प्रश्नाचे उत्तर न्यायालय देणार नाही आणि संसद ऐकणार नाही. उरलेली जागा तुमची प्रश्नावली आहे.

१९९५ च्या कायद्याने तुमच्या केंद्राला लोकांच्या हाती कच्ची माहिती देण्याचे काम सोपवले आहे. एप्रिलच्या बारोमीटरची प्रश्नावली अजून छापायची आहे. तिच्यात हा प्रश्न घाला आणि प्रांत, वय, मागच्या मतदानानुसार पूर्ण माहिती खुली करा. घालणार नसाल तर नकाराचे कारण लेखी द्या, सहीनिशी, आणि त्यात 'लोकांना काळजी नाही' हे पुन्हा लिहू नका.

आपले,
स्पेनमध्ये कर भरणारे काही मराठी रहिवासी