गोळीने कळ थांबते, सांध्याची हानी थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांधेदुखीवरील लेखांत गुडघ्यांची झीज, वाढते वय आणि कॅल्शियम यांचीच चर्चा अधिक असते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, हा त्याहून वेगळा आजार आहे. तो पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि त्याचे मूळ झिजेत नसून शरीराच्या बिघडलेल्या प्रतिकारशक्तीत असते.

प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. जंतुसंसर्ग झाला की ती वाढतात आणि काम संपले की ओसरतात, परंतु या आजारात सांध्याच्या आतील अस्तरात टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही प्रथिने सतत पाझरत राहतात. त्यामुळे ते नाजूक अस्तर सुजून जाड होते, शेजारच्या कूर्चेवर पसरते आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवते. इंटरल्यूकिन-६ तर सांध्यापुरते थांबत नाही. ते यकृताला सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन बनवायला लावते, म्हणूनच रक्ततपासणीत तो आकडा चढलेला दिसतो. आणि हेपसिडिन हे संप्रेरक वाढवून ते शरीरातील लोह अडवून ठेवते. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढण्यामागे कधीकधी हे कारण असते.

माझ्या थोरल्या बहिणीला सकाळी सांडशी धरता येत नसे आणि नळाची तोटी फिरवायला मुलाला हाक मारावी लागे. दुपारपर्यंत बोटे मोकळी होत, त्यामुळे घरातल्यांना तो आळस वाटे. या रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ चे प्रमाण पहाटे सर्वांत जास्त असते, हे त्या वेळी आम्हाला कोणी सांगितले नाही. ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत राहिली. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन ही वेदना वाढवणारी द्रव्ये कमी करून ठणका शमवतात, पण हाड पोखरणाऱ्या या प्रथिनांना आवर घालत नाहीत. वेदना कमी झाली म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो आणि हानी मात्र आत चालूच असते. बहुतेकांच्या बाबतीत ही हानी पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

या प्रथिनांचे महत्त्व ओळखण्याचे मोठे श्रेय तेव्हा लंडनमध्ये असलेल्या केनेडी संशोधन संस्थेतील मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांना जाते. रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशींमध्ये टीएनएफला अडवले की इंटरल्यूकिन-१ ही कमी होते, असे त्यांच्या गटाने 1989 मध्ये दाखवले. टीएनएफविरोधी प्रतिपिंड 1992 मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील रुग्णांना प्रथम देण्यात आले आणि 2003 मध्ये या दोघांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. भारतात अ‍ॅडालिमुमॅब या टीएनएफविरोधी इंजेक्शनाचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखेच बनवलेले औषध, 2014 च्या अखेरीस आले, तरी अनेक कुटुंबांना ही इंजेक्शने आजही परवडत नाहीत. शिवाय क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करते, त्यामुळे आपल्यासारख्या क्षयग्रस्त देशात सुप्त क्षयाची तपासणी केल्याशिवाय ही इंजेक्शने सुरू करू नयेत.

मात्र उपचारांची सुरुवात या महागड्या इंजेक्शनांनी होत नाही. मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी आजही पहिले औषध आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ती चालत नाही, आणि ती चालू असताना यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्याच लागतात.

आपल्या आरोग्य पुरवणीने एवढी माहिती ठळकपणे द्यावी, अशी विनंती आहे: बोटांचे वा मनगटांचे सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक टिकत असेल आणि हे सहा आठवडे चालू असेल, तर वेदनाशामक गोळ्यांवर वेळ न काढता संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. या आजारासाठीची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असेही समजू नये. आरोग्य खात्यानेही प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून किमान एक दिवस संधिवाताची ओपीडी चालवावी, कारण तालुक्यातील रुग्णाला पुण्या-मुंबईतील तज्ज्ञांपर्यंत पोहोचेतो ही पहिली दोन वर्षे निघून जातात.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा