सुनंदा, आधी रक्त तपासून घे

आर्वी,
२० ऑगस्ट

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुझ्या मागे माणसं बसली होती, म्हणून तू नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ करून राहिली होतीस. म्हणून तुझा गर्भ गेला त्याबद्दलचं सगळं लिहिते. पत्र प्रफुलच्या हाती देते आहे, तो उद्या तिकडे येतोच आहे. तुझं वाचून झालं की भाऊजींनाही दे. यातलं बरंचसं त्यांच्याच कामाचं आहे.

‘काऊन झालं’ हे तू तीनदा विचारलंस, तर आधी तेच. पहिल्या बारा आठवड्यांत जे गर्भ जातात त्यातल्या जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा हिशेबच चुकलेला असतो. गर्भ धरतानाच एखादं गुणसूत्र जास्तीचं पडतं किंवा कमी पडतं, आणि तो पुढे वाढू शकत नाही. ठोका आधी थांबतो. रक्त दिसायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे पाण्याची गुंडी उचलली, गाडीवर धक्के बसले, पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली, यातल्या कशाचाही संबंध नाही. ज्यांना दिवस गेल्याचं कळलेलं असतं अशा १०० जणींपैकी १० ते २० जणींच्या वाट्याला हे येतं. गावात कोणी बोलत नाही म्हणून वाटतं की आपलंच झालं. सासूबाईंना हे सांगताना गुणसूत्र वगैरे बोलू नकोस. ‘बीजच कच्चं होतं, डॉक्टर म्हणाले’ एवढं पुरे.

आता शरीराचं. तुला पिशवी रिकामी व्हायच्या गोळ्या देऊन आठ दिवस झाले. गोळ्यांनी झालं की रक्त साधारण दोन आठवडे, कोणाला तीन आठवडेही थोडं थोडं जातं. आधी लाल, मग तपकिरी, मग नुसते डाग. उतरणीला लागलेलं असलं म्हणजे बरोबर चाललंय. उतरलेलं पुन्हा चढलं तर मात्र पिशवीत काही राहिलं असण्याची शंका घ्यायची. तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि असं लागोपाठ दोन तास चाललं, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तेच. ताप १००.४ च्या वर गेला, थंडी वाजली, अंगावर जाणाऱ्याला घाण वास आला, ओटीपोटाला हात लावू देववत नाही असं झालं, तर ते जंतू शिरल्याचं लक्षण. त्याच दिवशी दवाखाना. पुढच्या गर्भधारणेला खरा धोका असल्या दुर्लक्षित तापाचा असतो, कारण त्याने नळ्या चिकटतात. प्रतिजैविकांचा कोर्स दिला असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नकोस.

रक्त पूर्ण थांबेपर्यंत आत काहीही जाऊ द्यायचं नाही. संबंध नाही, तळ्यात किंवा नदीवर बुडून आंघोळ नाही. बादलीतल्या पाण्याने रोज डोक्यावरून आंघोळ केलीस तरी चालते. पोटाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालतो. पोट ‘बसवायला’ सुईणीकडून चोळून घेणं आणि जडीबुटीची बत्ती आत ठेवणं मात्र साफ नाही, कोणी कितीही अनुभवी असो. कापड वापरत असशील तर साबणाने धुऊन उन्हात वाळव. लाजेने दुसऱ्या लुगड्याखाली लपवून वाळवलेलं कापड ओलंच राहतं, आणि आत्ता पावसाळा आहे. या दोन-तीन आठवड्यांपुरते पॅडच घे ना.

गोळ्या दिलेल्या दिवसापासून तीन आठवडे झाले की लघवीची तपासणी करून घे. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट फुकट मिळतं. त्याआधी करू नकोस, कारण गर्भाचं संप्रेरक रक्तातून जायला तेवढा वेळ लागतोच, उगाच दोन रेषा दिसतील आणि जीव घाबरेल. तीन आठवड्यांनंतरही दोन रेषा आल्या तर सोनोग्राफी करायची. काही राहिलंय का, किंवा क्वचित द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी पिशवीत द्राक्षांसारखे फोड वाढतात तो) वगैरे आहे का, हे बघावं लागतं. रिपोर्टात ‘थोडं शिल्लक’ लिहून आलं म्हणजे लगेच पिशवी साफ करायलाच पाहिजे असंही नाही. ताप नाही, रक्त कमी होतंय, तर पुष्कळदा ते पुढच्या पाळीबरोबर निघून जातं. आणि सफाई करायचीच ठरली तर हवा ओढून करणार की खरवडून, हे विचार. जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याला कधीचं नको म्हणते, ओढून काढायला सांगते. वारंवार खरवडलं की पिशवीचं अस्तर आतून चिकटू शकतं, मग पाळी अगदी थोडी येते किंवा दर महिन्याला पोट दुखतं पण रक्त येतच नाही. त्यावर दुर्बिणीने इलाज आहे, पण मुळात ती वेळ का आणायची? विचारायला लाजू नकोस, डॉक्टर चिडले तर चिडले.

एक गोष्ट पत्र पोचताच कर. तुझ्या कार्डावर रक्तगट बघ. निगेटिव्ह असेल आणि भाऊजींचा पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या बाळाच्या रक्ताला धोका होऊ नये म्हणून देतात ते अँटी-डी नावाचं इंजेक्शन दिलं का ते कागदावर शोध. ते ७२ तासांत द्यायचं असतं, पण राहिलं असेल तर १० दिवसांपर्यंतही थोडा उपयोग होतो, म्हणजे तुझ्याकडे अजून एक-दोन दिवस आहेत. बारा आठवड्यांच्या आत त्याची गरज नाही असं आता काही ठिकाणी मानतात. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर देतात, आणि तुझ्या जागी मी घेतलं असतं.

आता तुझा खरा प्रश्न, पुन्हा केव्हा. सासूबाई वर्ष म्हणतात, नर्सबाई सहा महिने म्हणतात, आणि तुझ्या मनात पुढच्याच महिन्यात आहे. सहा महिन्यांचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या बैठकीतून आला. त्याला मुख्य आधार होता लॅटिन अमेरिकेतल्या नोंदींचा, आणि त्या नोंदींत आपोआप पडलेले आणि पाडलेले गर्भ वेगळे काढलेलेच नव्हते. पुढे २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या ३०,००० वर बायकांच्या नोंदी तपासल्या, तर सहा महिन्यांच्या आत ज्यांना दिवस गेले त्यांचं नुकसान तर झालं नाहीच, उलट पुन्हा गर्भ जाण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. पिशवी काही सहा महिने कच्ची राहत नाही. एक पाळी येऊन गेली की ती तयार असते, आणि ती पाळी तरी कशाला, तर पुढचे आठवडे मोजायला तारीख मिळावी म्हणून.

पण सुनंदा, स्कॉटलंडच्या बाया आणि आपण यात एक फरक आहे, रक्ताचा. तुझं हिमोग्लोबिन जूनमध्ये ८.६ होतं. त्यात हे रक्त गेलं. दिवस नसलेल्या बाईचं १२ पाहिजे. ८ च्या आसपास असताना पुन्हा दिवस गेले तर गर्भ तुझ्यातूनच ओढेल, आणि बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी जिवावर बेतेल. म्हणून कॅलेंडरकडे बघू नकोस, आकड्याकडे बघ. आणि आकडा १२ वर नेऊन शरीरात लोहाचा साठा भरायला चार-सहा महिने लागतातच. म्हणजे नर्सबाईंचा हिशेब तुझ्यापुरता बरोबर आहे, कारण मात्र वेगळं आहे.

लोह सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी. दोघांची. हे मी सोडणार नाही. आपल्या विदर्भात, आणि तुमच्या भागात तर जास्तच, आई-बापांकडून येणारा हा रक्ताचा आजार घरोघरी लपलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की पक्की तपासणी पुढे पाठवतात. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, पैसे लागत नाहीत. तू आणि भाऊजी दोघंही नुसते वाहक निघालात तर तुम्हाला काही त्रास नसतो, पण प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मग पुढच्या वेळी ११ ते १४ आठवड्यांत नागपूरला वारेची तपासणी करता येते, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. आणि तुलाच आजार निघाला तर लोहाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. फॉलिक अ‍ॅसिडही मग जास्त, ५ मिलिग्रॅमचं लागतं. नुसती वाहक असलीस तर लोह चालतं.

रिपोर्ट साफ आला की सरकारी लाल गोळ्या. एकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ८ ते ११.९ च्या मधे रक्त असेल तर रोज दोन, जेवल्यावर, तीन महिने. फॉलिक अ‍ॅसिड त्यातच आलं. गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून ते लागतंच, बाळाच्या मणक्यासाठी. हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं असेल तर गोळ्यांच्या भरवशावर राहू नकोस, ग्रामीण रुग्णालयात सलाईनमधून लोह देतात. आता या गोळ्या फेल का जातात ते सांगते, कारण ‘खाल्ल्या पण वाढलं नाही’ असं दहात आठ जणी म्हणतात. एक, चहा. जेवण झालं की गोळी आणि लगेच चहा, म्हणजे लोह चहातच अडकून बाहेर. गोळीच्या आधी तास आणि नंतर दोन तास चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी नको. वरून लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा चालतो. दोन, मळमळ. सकाळी उमळून येत असेल तर रात्री जेवून झोपताना घे. संडास काळी होते, ते रक्त नाही. तीन, जंत. अनवाणी वावरात गेलं की पायातून शिरतात आणि आतड्यातून रक्त पितात. अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी आत्ताच घेऊन टाक, दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ती घेता येत नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपास. एक ग्रॅमही वाढलं नसेल तर डॉक्टरांना दाखव, उगाच त्याच गोळ्या गिळत बसू नकोस. १२ झालं तरी लगेच थांबू नकोस, साठा भरायला अजून तीन महिने लागतात.

घरात तुझं बाळंतिणीचं पथ्य चाललं असेल, नुसती भाकर आणि तूप, डाळ वातूळ, भाजी थंड. ते मोडून काढ. तुला आत्ता डाळच पाहिजे. तुरीचं वरण, चवळी, मोट (मटकी), अंबाडी-मेथीची भाजी, जवसाची चटणी, चालत असेल तर अंडी. वावरातलं काम आठवडाभर नको, त्याचं कारण फक्त अशक्तपणा. पिशवी काही कामाने घसरत नाही.

फवारणीचे दिवस आहेत. तू फवाऱ्याजवळ जायचं नाही, औषध कालवायचं नाही, आणि भाऊजींचे फवारणीचे कपडे त्यांनीच वेगळे धुवायचे. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ते आठवत असेलच. आणि त्यांचा तंबाखूचा खर्रा. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून आज सोडला तर त्याचा उपयोग दिवाळीला दिसेल. तुझी तोंडात टाकायची सवयही मला माहीत आहे, तीही बंद.

रक्त तयार होईपर्यंत गर्भ राहू द्यायचा नाही, आणि इथे पुष्कळ जणी फसतात. पाळी आली नाही म्हणजे काही होत नाही असं समजतात. बीज दोन आठवड्यांतही सुटू शकतं, पाळीच्या आधी. म्हणून पहिल्या संबंधापासून निरोध. आशाताईंकडे आहे. पाळी चार ते आठ आठवड्यांत येते, पहिली जरा जास्त आणि दुखरी असू शकते. आठ आठवड्यांत नाही आली तर आधी लघवीची तपासणी, मग सोनोग्राफी.

ठरवून दिवस धरायचे तेव्हा पहिल्या पाळीवर हिशेब बांधू नकोस, दोन-तीन पाळ्या बघ. पाळीच्या चक्रातून १४ वजा कर, तो बीज सुटण्याचा अंदाजे दिवस. तुझं ३२ दिवसांचं असायचं, म्हणजे अठरावा. बीज जेमतेम दिवसभर टिकतं, पुरुषाचं बीज पाच दिवसांपर्यंत. म्हणून बाराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत एक दिवसाआड पुरेसं आहे, रोज करून काही जास्त मिळत नाही. अंगावरचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार सुटणारं झालं की ते दिवस आलेच समज.

शहरात कोणी ‘टॉर्च’ची, म्हणजे काही संसर्गांची, महागडी तपासणी सांगितली तर नको म्हण. एकदा गर्भ गेल्यावर तिच्यातून काही हाती लागत नाही, नुसते पैसे जातात. थायरॉईड आणि साखर मात्र करून घे. दोन-तीनदा असं झालं तर वेगळ्या तपासण्या असतात, रक्त गोठण्याच्या दोषाच्या, पिशवीच्या आकाराच्या, दोघांच्या गुणसूत्रांच्या. तुझं पहिलंच आहे. अशा पाचातल्या चार जणींचा पुढचा गर्भ टिकतो.

रडू येईल, ते येऊ दे. पण दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतं असं झालं तर मला फोन कर, नाहीतर १४४१६ वर कर, ती मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, तिथे मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

हिमोग्लोबिनचा आणि दोघांच्या सिकलसेलचा कागद आला की फोटो काढून पाठव. कागद उशाखाली दाबून ठेवू नकोस, जूनमध्ये ठेवला होतास तसा.

तुझी,
शालू