नाव तुम्ही बदललंत, पुरावा मी का आणायचा?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट विषयावर येतो. परवा मंगळवारी माझ्या मुलीला मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयातून कागदपत्र पडताळणीत दुसऱ्यांदा परत पाठवलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पोरीचं काम अजून तिथंच अडकलंय. तिचा गुन्हा असा, की बीएस्सीच्या पहिल्या तीन सेमिस्टरच्या गुणपत्रिकांवर ‘सोलापूर विद्यापीठ’ छापलंय आणि पुढच्या तीनवर ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’.

टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. पेनाचं टोपण आधी एका नावाखालून फिरवलं, मग दुसऱ्या. ‘मध्येच विद्यापीठ बदललं? मग विद्यापीठ बदलल्याचं मायग्रेशन सर्टिफिकेट कुठंय?’

मी म्हणालो, मॅडम, विद्यापीठ तेच आहे, नाव बदललंय. मार्च 2019 मध्ये. सरकारनंच बदललंय.

‘तसं लेखी आणा.’ आणि अर्जावर लाल शाईत एक शब्द : त्रुटी.

ही पहिली खेप. दुसऱ्या खेपेला शासनाच्या अधिसूचनेची प्रतच घेऊन गेलो. ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, ‘साक्षांकित नाही.’ महोदय, 2015 साली याच शासनानं स्वयंसाक्षांकन मान्य केलं होतं ना? आता शिक्क्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको म्हणून आम्ही तेव्हा खूश झालो होतो. इथं तर सरकारचा कागद सरकारलाच ओळखू येत नाही, आणि ओळखपरेड करायची कुणी? सोलापूरच्या एका रिटायर्ड हिशेबनिसानं.

नावाबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी त्यावरूनच मोर्चा आणेल. अहिल्यादेवींपुढं डोकं टेकवतो. त्यांच्या दरबारात फिर्यादीला असं माघारी धाडत नव्हते, एवढंच आम्ही ऐकत आलो.

तर त्या दिवशी परतीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची, आणि आम्ही दुपारी बाराला मोकळे. ओव्हल मैदानाच्या कडेला बसून डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी. समोर राजाबाई टॉवर. पोरीला म्हटलं, बघ, तुझ्या पणजोबांचं विद्यापीठ.

खरंच सांगतो. माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये हजेरी कारकून. त्यांची मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची, कारण तेव्हा मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घ्यायचं. वडील 1958 चे बी.ए., दयानंद कॉलेजातून. कॉलेज 1940 चं, पण वडिलांची पदवी पुण्याची, कारण 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघालं. मी 1986 चा बी.कॉम. माझी पदवी कोल्हापूरची, कारण 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि सोलापूर तिकडं जोडलं. पोरीची सोलापूरची, कारण 1 ऑगस्ट 2004 ला आमचं स्वतःचं विद्यापीठ सुरू झालं. चार पिढ्या, चार विद्यापीठं, आणि घर मात्र भवानी पेठेतलं एकच. आम्ही इंचभर हललो नाही. आमच्या डोक्यावरची विद्यापीठं तेवढी हलत राहिली.

त्या टॉवरकडं बघत पोरीला सगळा इतिहास सांगितला, दुसरं करणार काय? 18 जुलै 1857. तिकडं उत्तरेत बंड पेटलेलं आणि इकडं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन. सुरुवातीला शिकवायचं नाहीच, नुसत्या परीक्षा घ्यायच्या. विद्याशाखा चार : कला, वैद्यक, कायदा आणि स्थापत्य. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला पास झालेल्यांत रानडे. 1862 च्या पहिल्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर. टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. पैसा कापसाच्या तेजीतला. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथले व्यापारी गबर झाले. कापूस म्हटल्यावर सोलापूरकराचे कान टवकारतातच. मुंबईच्या कापसातून टॉवर उभा राहिला, आमच्या कापसातून गिरण्या, आणि त्यासुद्धा बंद पडल्या.

पोर म्हणाली, ‘बाबा, यांचंही नाव बदललंय की. 1996 ला बॉम्बेचं मुंबई झालं.’ खरं आहे. पण ‘बॉम्बे युनिव्हर्सिटी’ लिहिलेली पदवी कुणी टोपण फिरवून परत पाठवल्याचं मी तरी ऐकलं नाही. राजधानीचं नाव बदललं तर जगानं समजून घ्यायचं. सोलापूरचं बदललं तर त्रुटी.

साहेब, मुंबईच्या पोरांचंही सुख बघवत नाही असं समजू नका. 2017 साली संगणकावर पेपर तपासायच्या घाईत त्यांचे निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. तिकडं सात जिल्हे, पार सिंधुदुर्गापर्यंत. आमचं विद्यापीठ एका जिल्ह्याचं. डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू झाले तेव्हा वाटलं, कोल्हापूरची एसटी सुटली एकदाची. आपलं काम आपल्या गावात, केगावला. आणि आता बघतो तर काय, कोल्हापूरच्या ऐवजी मुंबई!

2016 च्या कायद्यानं तुम्ही लोकांनी राज्यभरच्या विद्याशाखा आवळून चार केल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि चौथी आंतरविद्याशाखीय. वैद्यक तर 1998 लाच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं गेलं, म्हणून इथल्या मेडिकलच्या पोरांची पदवीसुद्धा नाशिकची. करा, काय करायचं ते करा. पण वर्गावर शिकवायला तासिका तत्त्वावरचे सर, ज्यांना पुढच्या जूनमध्ये आपण असू का नसू याची खात्री नाही. पाटी रंगवायला पैसे निघतात, जागा भरायला निघत नाहीत. उजनी धरण आमच्या जिल्ह्यात आणि नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी. तसंच हे. नाव आमचं, धार दुसरीकडं.

वाहवत गेलो. हिशेब सांगतो, जन्मभर चादर-टॉवेलच्या कारखान्यात तोच लिहिला. दोन खेपा, दोघांची तिकिटं, टॅक्सी, झेरॉक्स, चहापाणी धरून पाच हजारांच्या घरात गेले. सगळ्या पावत्या नाहीत, पण शंभर-दोनशेच्या वर फरक निघणार नाही. माझा गुडघा आणि शुगर यात धरलेली नाही. पोरीच्या दोन सुट्ट्या बिनपगारी झाल्या, त्याही नाहीत.

मागणी एका ओळीची आहे. नाव बदललेल्या प्रत्येक विद्यापीठाची यादी, जुनं नाव, नवं नाव, तारीख, असं एक परिपत्रक काढून सगळ्या खात्यांना पाठवा. एक पानसुद्धा भरणार नाही. आपल्याच नावाचा ठराव करायला तुम्हाला एक बैठक पुरते, तर याला किती लागावी?

येत्या सोमवारी रात्री आम्ही तिसऱ्यांदा सिद्धेश्वरनं निघतोय. त्याआधी परिपत्रक निघालं तर बरं, तिकीट रद्द करता येईल.

आपला,
चार विद्यापीठांच्या घरातला एक बाप
सोलापूर

ता.क. – आमच्या गल्लीचंही नाव मध्यंतरी बदललं. पोस्टमन दोन्ही नावांची पत्रं आणून देतो. उत्तर पाठवलंत तर कुठल्याही पत्त्यावर पाठवा.