निवृत्त विमा अधिकाऱ्यांची गावाला गरज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाव्याचे कागद वाचण्यात हयात घालवलेल्या निवृत्त विमा अधिकाऱ्यांची शिरोळ, करवीरच्या गावांत फार गरज आहे. कर्ता माणूस गेला की त्याचे पासबुक ट्रंकेत पडून राहते. त्यात मे-जूनला ४३६ रुपये कापलेले असले तर तो केंद्र सरकारचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. २० रुपये असले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वारसाला २ लाख मिळू शकतात, हे कित्येक घरांना ठाऊकच नसते! अर्ज त्याच बँकेत, शक्यतो ३० दिवसांत द्यावा.

सुरक्षा विमा फक्त अपघाताचा. पंचगंगेच्या पुरात कोणी बुडाले तर पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. घाईने अंत्यसंस्कार उरकले की दावा तिथेच अडतो. आधारवर एक नाव आणि मृत्यू दाखल्यावर दुसरे, हेही नडते. दाखला हातात येताच तपासावा.

विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेर खात्यात पैसे नसले तर संरक्षण तुटते. म्हणून निवृत्तांनी मे महिन्यात, दूध बिलाच्या दिवशी, गावच्या दूध संस्थेत पासबुके तपासायला बसावे.

– एक निवृत्त विमा अधिकारी, कोल्हापूर