आधी पोटोबा मग विठोबा, पण विठोबाची पाळी कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गल्लीतल्या एकादशीच्या भजनाला पूर्वी पंचवीसभर माणसं यायची, आता सात-आठ उरलोय. कुणालाही विचारलं की एकच उत्तर, आधी पोटोबा मग विठोबा. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ओव्हरटाइम असतो, घराचा हप्ता असतो, पोरांच्या क्लासची फी असते, सगळं खरंय, मी स्वतः बत्तीस वर्षं फौंड्रीत काढलीत, महिनाअखेरीला पोटात गोळा कसा येतो ते मला सांगायला नको. पण पोटोबाचं कधी संपतच नाही ओ, आणि विठोबाची पाळी काय येत नाही.

आपल्या संतांच्या कथा आठवून बघा. जनाबाईचं दळण दळायला विठ्ठल आला, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरलं, मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली तेव्हा विठू महार होऊन बीदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरले. दळण, पाणी, धान्य. देवानं येऊन उचललं ते घरातलंच काम, भक्ताचं चित्त नामात राहावं म्हणून. आणि जनाबाई काय हातावर हात ठेवून बसली नव्हती, जातं ओढता ओढताच ओवी चालू होती तिची. गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक तर सरळच सांगतो की अनन्यभावानं भजणाऱ्याचा योगक्षेम देव वाहतो, म्हणजे नाही ते आणून देतो आणि आहे ते सांभाळतो.

मला हे पटलं ते कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्यावेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. आम्ही घरातली सगळी अंगावरच्या कपड्यानिशी एका शाळेत जाऊन राहिलो, हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. पहिल्या रात्री पोरं रडत होती, मला तर काय सुचत नव्हतं, आणि कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं टाळ नाही मृदंग नाही नुसत्या टाळ्या वाजवत हरिपाठ चालू केला, हळूहळू सगळा हॉल म्हणायला लागला. तेव्हा कुणाच्याच पोटात काही नव्हतं हो. भाकरी दुसऱ्या दिवशी आली, कुठल्या कुठल्या गावच्या बायकांनी रात्री जागून थापलेल्या, सोबत झुणका आणि खर्डा, कुणी पाठवलं ते आजवर कळलेलं नाही. मी त्याला देवानंच पाठवलं म्हणतो.

म्हणून ज्याचं हातावर पोट आहे त्याला नुसतं देव देव कर म्हणून सांगणं मला पाप वाटतं. आमच्या मंडळानं यंदापासून ठरवलंय, कुणाची शिफ्ट बुडली, कुणाच्या घरी आजारपण आलं तर त्या घरी महिन्याचं ज्वारी-तांदूळ पोचवायचं, मग तो भजनाला येवो न येवो. इतर पेठांतल्या मंडळांनीही हे करावं अशी विनंती आहे.

आषाढीला आम्ही पुईखडीवरनं नंदवाळला, म्हणजे आमच्या प्रतिपंढरपूरला, चालत जातो, आणि एकादशीचं भजन संध्याकाळी सातला असतं. कामावरनं थेट आलात तरी चालेल, साबुदाण्याची खिचडी आणि चहा ठेवलेला असतोय.

एक वारकरी,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर