रानडुकरासाठी बंदूक कोणती, हे परवानगीतच लिहावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रानडुकरांनी केलेली भातशेतीची नासधूस आणि त्यांना मारण्याच्या परवानग्या यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहून येते. परवानगी कोणी द्यायची, किती दिवसांत द्यायची, पंचनामा केव्हा व्हायचा, यावर भरपूर वाद झडतो. पण परवानगी हाती पडल्यावर शेतकऱ्याने कोणत्या बंदुकीने, कोणत्या काडतुसाने आणि किती अंतरावरून नेम धरायचा, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना बाळगणारा एक बागायतदार या नात्याने केवळ याच मुद्द्यावर लिहीत आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला, 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही बंद झाले आणि हौसेची शिकार आपल्याकडे संपली, ते योग्यच झाले. ससा किंवा तितर यांना कोणता बोर (म्हणजे बंदुकीच्या नळीचे आतले माप) मानवतो, ही चर्चा त्यामुळे आपल्यापुरती निकालात निघालेली आहे. उरतो तो उभ्या पिकाच्या नुकसानीचा प्रश्न. त्यासाठी कायद्याच्या कलम 11 नुसार विशिष्ट प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते, आणि रानडुक्कर व विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय यांच्याबाबत राज्य शासनाने 2015 मध्ये हे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणले. परंतु जनावर एका गोळीत मरावे आणि गोळी भलतीकडे जाऊ नये, यासाठी शस्त्र कसे असावे याचा किमान निकष या कायद्यात नाही.

शस्त्रांच्या बाजूने पाहिले तर 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक गृहीत धरली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक देण्याची मुभा त्याच कलमात आहे. कोकणात अजूनही कित्येक घरांत ठासणीचीच बंदूक आहे. ती भरताना नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग शिशाचे छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी घोडा आपटताच पेट घेणारी टोपी. शिसे नसले की सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे किंवा खिळ्यांचे तुकडेसुद्धा आत जातात. परवान्यावर बंदुकीचा प्रकार लिहिलेला असतो, पण आत किती दारू आणि काय माल भरला हे त्या रात्री भरणाऱ्याच्या हातावर ठरते; त्यामुळे आजचा बार आणि कालचा बार यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. त्यातच दमट हवेने दारू सर्दावली, तर बार उशिरा उडतो किंवा फुसका निघतो. जनावर जखमी होते, दुसरा बार भरायला वेळ नसतो, आणि ते शेजारच्या काजूच्या बागेत जाऊन चार दिवसांनी मरते किंवा सकाळी पाचोळा गोळा करायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते.

त्यामानाने बारा बोरची काडतुसाची बंदूक पुष्कळच भरवशाची आहे. तिची नळी आतून सुमारे साडेअठरा मिलिमीटर असते आणि खडकीच्या कारखान्याची काडतुसे परवानाधारकाला दुकानात मिळतात. परंतु बोर एकच असला तरी काडतुसे निरनिराळी असतात. 4 किंवा 6 नंबरच्या बारीक छर्ऱ्यांनी पाखरू पडते; पूर्ण वाढलेल्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचे जे कवच असते, त्यात ते छर्रे नुसते रुतून बसतात. त्याच्यासाठी एलजी किंवा एसजी हे मोठे छर्रे, आणि त्याहून चांगले म्हणजे एकच गोळी असलेले काडतूस हवे. तेही 30 मीटरच्या आत, जनावर आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या भागात. त्यापलीकडे एसजीचे छर्रे दीड-दोन हात फाकतात, आणि एखादाच छर्रा पोटात लागून जनावर निसटते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सुरक्षित जागी मातीच्या बांधासमोर वर्तमानपत्राचे उघडे पान लावून 30 आणि 50 मीटरवरून एकेक बार काढून पाहावा (आपल्या दैनिकाचा हाही एक उपयोग, राग नसावा).

आता रायफलीबद्दल. ‘छर्ऱ्याच्या बंदुका पुरे झाल्या, शेतकऱ्यांना रायफली द्या’ अशी मागणी अलीकडे सभांमधून ऐकू येते. मला ती सरसकट मान्य नाही. .22 ही सर्वांत हलकी आणि स्वस्त रायफल असल्याने तिचा मोह होतो. पण तिच्या गोळीची ऊर्जा नळीपाशीच जेमतेम दीडशे ते दोनशे ज्यूल असते. ती निशाणबाजीची रायफल आहे आणि डुकरावर ती चालवणे म्हणजे निव्वळ क्रौर्य आहे. .315 ही, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटरची, आपल्या आयुध निर्माणीची जुनी रायफल डुकराला व्यवस्थित पुरते. सैन्याची .303 नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी हा वेगळा बोर आपल्याकडे रूढ होऊ दिला, आणि त्यांच्या धास्तीची ती देणगी आजही परवान्यांवर चालू आहे. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि मोकळ्या रानात तो शंभर मीटरच्या आत माणसाला येऊ देत नाही, तिथे .315 किंवा .30-06 (हीही मोठ्या जनावरांची दमदार रायफल) यांना खरोखर पर्याय नाही. पण .22 ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि .30-06 ची चार किलोमीटरच्या पुढे. एसजीचा छर्रा पाच-सहाशे मीटरवर संपतो. कोकणात शेताच्या चारी बाजूंना वाड्या, मध्ये पाणंदी आणि जागोजागी जांभ्याचे गडगे. दगडावर आपटून गोळी कुठे वळेल हे सांगता येत नाही. म्हणून इथे रायफल चालवायचीच, तर ती उंच माळ्यावरून, खाली मऊ जमिनीच्या दिशेने आणि शिकलेल्या हातानेच चालवली पाहिजे. विदर्भाच्या सपाट रानातही माळ्याची अट सोडता येणार नाही.

जर्मनीत डुकरांची शिकार कायदेशीर आहे आणि तिथल्या शेतीलाही त्यांचा असाच उपद्रव आहे. तिथल्या केंद्रीय शिकार कायद्यात लिहिले आहे की, साधारण आपल्या भेकराएवढ्या रो हरणासाठी गोळीची ऊर्जा 100 मीटरवर किमान 1,000 ज्यूल हवी. रानडुकरासारख्या मोठ्या जनावरासाठी कॅलिबर (गोळीची जाडी) किमान 6.5 मिलिमीटर आणि ऊर्जा 100 मीटरवर किमान 2,000 ज्यूल हवी. छर्ऱ्यांनी, मग ते मोठे का असेनात, डुकरावर बार टाकायला तिथे मनाईच आहे, आणि हे सारे शिकारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसासाठी. त्यांचे नियम जसेच्या तसे इथे आणता येणार नाहीत. आपल्या शेतकऱ्याला छर्ऱ्याची बंदूकच परवडते. पण बोर, ऊर्जा आणि अंतर हे नियमात आकड्यांनी बांधता येतात, एवढे तरी त्यावरून दिसते.

माझी मागणी त्यामुळे मर्यादित आहे. वनक्षेत्रपालांच्या परवानगीच्या कागदावरच शस्त्राचा प्रकार, काडतुसाचा प्रकार आणि कमाल अंतर स्पष्ट लिहावे. बारा बोर असेल तर एलजी, एसजी किंवा एकच गोळी, आणि अंतर 30 मीटर. रायफल असेल तर .315 वा त्याहून दमदार, आणि माळ्याची अट. ठासणीच्या बंदुकीवर अशी परवानगी देऊच नये. उलट ज्यांच्याकडे ती आहे त्यांना कलम 13 मधल्या मुभेनुसार काडतुसाची बंदूक बदलून द्यावी, आणि त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या मारायला लावू नयेत. परवान्यावर काडतुसांच्या संख्येला मर्यादा असते, त्यामुळे सरावासाठी काडतूस ‘फुकट घालवायला’ कोणी धजत नाही. हंगामापूर्वी एखाद्या रायफल क्लबमध्ये सरावापुरती काडतुसे वेगळी मिळावीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, तेव्हा कोकणात भात कापणीला आले होते. आचारसंहितेच्या काळात शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातात, आणि मग डुकरांच्या वाटेवर विजेच्या उघड्या तारा लागतात, गावठी बॉम्ब ठेवले जातात. त्यात डुकराबरोबर गुरे आणि माणसेही मरतात, विदर्भात वाघही मेले आहेत. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा शेतकऱ्याची बारा बोर कापणीच्या महिन्यात त्याच्या घरीच राहू द्यावी, एवढा निर्णय तरी निवडणुकीत कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीने पुढच्या निवडणुकीआधी घ्यावा.

आपला विश्वासू,
एक शेतीसंरक्षण परवानाधारक बागायतदार
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग